पाणी तापवायचा बंब: या चुका टाळा

बंबाला तापमान दाखवणारा काटा नसतो की आपोआप बंद होणारं बटण नसतं. त्याला आवरतं ते आतलं पाणी. भोवती पाणी असेपर्यंत बंबाच्या मधल्या, जाळ पेटवायच्या नळकांड्यात कितीही जाळ असला तरी तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी उतरलं की हा आवर सुटतो.

पाण्याआधी जाळ. तांबं 1085 अंशांना वितळतं, त्यामुळे बंब दणकट वाटतो. पण अनेक बंबांचे सांधे कथलाच्या डागाने, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूच्या जोडाने, जोडलेले असतात. शुद्ध कथील 232 अंशांना वितळतं आणि शिसं मिसळलेला डाग 183 अंशांपासूनच मऊ पडतो. कोरडा बंब काही मिनिटांतच तिथवर पोचू शकतो. म्हणून आधी पाणी, मग काडी.

ज्या बंबात गार पाणी ओतल्यावरच गरम पाणी बाहेर येतं, त्यातली पातळी सहसा टिकते. धोका खाली तोटी असलेल्या बंबात जास्त, कारण पाणी घेत गेलं की पातळी उतरत जाते. बादलीभर काढलं की बादलीभर ओता. पेटता बंब कोरडा पडल्याचं लक्षात आलं, तर घाईने गार पाणी मुळीच ओतू नका. वाफ अंगावर उसळते आणि सांधे तडकतात. राखेच्या दाराकडची हवा बंद करा, इंधन लांब चिमट्याने काढा आणि बंब पूर्ण निवल्यावरच भरा.

ठासून इंधन भरणं. ज्वाळा नळकांड्याबाहेर दिसू लागली की ती उष्णता पाण्याला मिळत नाही, हवेत जाते. सुरुवातीला नळकांडं निम्म्यापर्यंतच भरा, पुढे दोन-तीन ढलप्या टाकत राहा. करवंटी भडकन पेटते, तेव्हा ती एका वेळी एक-दोनच. ओलं लाकूड मात्र उलट छळतं: त्यातलं पाणी वाळवण्यातच उष्णता खर्च होते आणि धूर होतो. निखाऱ्यांवर रॉकेल ओतणं तर जिवावर बेतू शकतं, कारण त्याची वाफ एकदम भडकते.

झाकण घट्ट बसवणं. पाणी लवकर तापावं म्हणून काही जण झाकणावर दगड ठेवतात किंवा तोंडाला बोळा कोंबतात. वाफेला वाट हवीच. खदखद ऐकू आली की इंधन थांबवा, हवा कमी करा, थोडं गरम पाणी काढून तेवढंच गार ओता.

बंद न्हाणीघरात बंब. धूर नसलेले लाल निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात, आणि त्याला वास नसतो. बंब उघड्यावरच पेटवा. पेटता बंब ऊब घ्यायला खोलीत आणणं तितकंच घातक. डोकं दुखू लागलं, मळमळलं तर लगेच मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाठा.

बादलीत आधी गरम पाणी. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. आधी गार, मग गरम. गार पाणी वीस अंशांचं आणि बंबातलं ऐंशी अंशांचं असेल, तर दोन तांबे गारला एक तांब्या गरम घेतल्यावर पाणी चाळीस अंशांच्या आसपास येतं. लहान मुलाच्या अंगावर घालण्याआधी ते ढवळून कोपराने पाहा.

पाणी पूर्वीपेक्षा उशिरा तापतंय? आधी नळकांड्याच्या तळाची जाळी पाहा, राखेने तुंबली असेल तर जाळ गुदमरतो. जाळी मोकळी असेल तर आत क्षार चढले असतील. गार बंबात दहा लिटर कोमट पाण्यात 200 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून तासभर ठेवा, मग दोन-तीनदा धुऊन काढा. निखाऱ्यांवर थेंब पडून चुर्र असा आवाज येत असेल तर सांधा गळतोय. एमसीलसारखी लुगदी लावून भागवू नका. तांबटाकडून डाग देऊन घ्या, आणि डागात शिसं असू शकतं म्हणून बंबातलं पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला वापरू नका.

राख लगेच प्लॅस्टिकच्या टोपलीत काढू नका. आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो; पत्र्याच्या घमेल्यात काढून वर पाणी शिंपडा.