शहरात स्थलांतर करण्यापूर्वी हिशेब कसा मांडावा

गाव सोडण्याचा निर्णय शहरातील मजुरीचा नुसता आकडा ऐकून घेऊ नये. त्या आकड्याला काम मिळण्याच्या शक्यतेने गुणावे, कारण अर्थतज्ज्ञ जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये मांडल्याप्रमाणे स्थलांतराचा निर्णय अपेक्षित उत्पन्नावर ठरतो. गावात महिनाभर काम असताना शहरात १५ दिवसच मिळणार असेल, तर दुप्पट मजुरीचाही लाभ उरत नाही. या अपेक्षित उत्पन्नातून घरभाडे, प्रवास आणि पाणी यांचा खर्च वजा करावा. नळजोडणी नसलेल्या वस्तीत विकतचे पाणी बहुधा महागच पडते, आणि नेमका हाच खर्च हिशेबातून सुटतो. आधी एकानेच ओळखपत्रांसह जावे. निवारा व मुलांचा शाळाप्रवेश निश्चित झाल्यावर इतरांना बोलवावे. तोवर गावची जमीन विकू नये.