सोलापुरात नव्याने आलात? जुनी गाडी काढून कर्ज घेण्याआधी हे वाचा

बदलीवर किंवा नोकरीसाठी सोलापुरात आलेली बरीच मंडळी बस्तान बसायच्या आतच शोरूम गाठतात. घरून आणलेली दहा-बारा वर्षांची दुचाकी इथल्या उन्हात कुरकुरायला लागते, सिटी बसवर भिस्त ठेवता येत नाही आणि दसरा-पाडव्याच्या ऑफर समोर असतात. मी कोकणातून येऊन इथे स्थिरावलो आहे. मनापासून सांगतो, पहिलं वर्ष तरी हप्ता लावून घेऊ नका. घराचं डिपॉझिट, मुलांची फी, कूलर, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून मोठी टाकी, हे सगळं त्याच वर्षात अंगावर येतं. महिन्याला खरोखर किती उरतं ते त्यानंतरच कळतं.

आधी गाडी ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. बोअर-पिस्टनचं काम केलं की गाडी पुढे चालते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यात जुनी बॅटरी आणि टायर टिकत नाहीत, ते बदलायचेच. चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, मात्र तसं नाही. किनारपट्टीवरून आणलेली गाडी असेल तर सीट काढून, खाली वाकून, वेल्डिंगचे सांधे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायला लावा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर ती गाडी रस्त्यावर आणू नका. चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळी आणि पुणे हायवेने येणं-जाणं असेल, तर तिथे मी स्वतः म्हणेन, कर्ज काढा.

पण दर नीट विचारा. 'दहा टक्के' फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर? एक लाख, तीन वर्षं, घटत्या शिल्लकीवर हप्ता सुमारे ३,२२७ रुपये. एकूण व्याज १६ हजारांच्या आसपास. तेच फ्लॅट धरलं तर हप्ता ३,६११ आणि व्याज ३० हजार, म्हणजे खरा दर जवळपास १८ टक्के! प्रोसेसिंग फी आणि विमा कर्जातच घातलाय का, तेही बघा. वर्षाचे हप्ते होतात ३८ हजारांच्या वर. जुन्या दुचाकीला वर्षात तेवढा खर्च क्वचितच येतो. पतसंस्थेत जामीनदार मागतात. ऑफिसात नवी ओळख झालेल्या माणसाला त्यासाठी गळ घालू नका. कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल तर तिथे आधी चौकशी करा.

हप्ता नको म्हणून सेकंड हँड बघाल, तर विजापूर-कलबुर्गीकडची केए (कर्नाटक) पासिंगची गाडी स्वस्त म्हणून पुढे केली जाईल. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), इथला रोड टॅक्स आणि एमएच-१३ चा (सोलापूरचा) नवा नंबर हे सगळं धरून किंमत काढा. पंधरा वर्षं झालेली असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण करही आलाच. तुमची स्वतःची गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर बदलावा लागत नाही, आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्या.

आणि कर्ज घेतलंच, तर शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ लगेच मागून घ्या व आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवा. तो राहिला की पुढे गाडी विकताना अडून बसतं.