जाहिरात कशाची होते आणि कशाची होत नाही : खान्देशातून अर्थशास्त्र शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूंचे प्रकरण सार्वजनिक आयव्ययाच्या पेपरात असते आणि जाहिरातीचे विवेचन सूक्ष्म अर्थशास्त्रात, मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या शेवटी, ‘विक्री खर्च’ या मथळ्याखाली दीड पानात उरकलेले असते. दोन्ही पेपर वेगळ्या सत्रांत, बहुधा वेगळे प्राध्यापक शिकवतात, त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल अशी शंकाही विद्यार्थ्याला येत नाही. माझे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण खान्देशातच झाले आणि आता साक्री, शहादा, चोपडा, रावेर अशा तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींना हाच विषय मी शिकवतो. या काळात माझे मत असे झाले आहे की ही दोन प्रकरणे एकत्र वाचली तरच समजतात, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जो पैसे देत नाही त्याला लाभापासून अडवता येते का? ज्या वस्तूबाबत अडवता येते तिला विक्रेता मिळतो आणि विक्रेता मिळाला की जाहिरातही येते. जिथे अडवता येत नाही तिथे विक्रेता नसतो आणि त्या वस्तूच्या बाजूने बोलायलाही सहसा कोणी नसते.

पहिली अडचण व्याख्येची असते. सार्वजनिक म्हणजे सरकारी, असे समजून बहुतेक विद्यार्थी येतात आणि एसटीची बस हे सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून लिहितात. एसटी सरकारी महामंडळाची असली तरी तिकीट नसलेल्याला वाहक उतरवू शकतो आणि एका प्रवाशाने अडवलेले आसन दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती खासगी वस्तूच ठरते. कसोट्या दोनच आहेत : एकाच्या उपभोगाने दुसऱ्याचा वाटा घटतो का, आणि पैसे न देणाऱ्याला वगळता येते का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू शुद्ध सार्वजनिक वस्तू होय. हा सिद्धान्त पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये अवघ्या तीन पानांच्या निबंधात मांडला. ती तीन पाने गणिताने भरलेली आहेत आणि पहिल्या वाचनात कोणालाच कळत नाहीत, पण त्यांतला गाभा अंकांत उतरवून पाहिला तर सोपा आहे. चौकातील एका दिव्यासाठी एक घर महिन्याला २० रुपये, दुसरे ३० आणि तिसरे ५० रुपये द्यायला मनातून तयार असेल तर दिव्याचा खर्च १०० रुपयांपर्यंत असला तरी तो लावणे समाजाच्या हिताचे असते. खासगी वस्तूच्या मागणीत आपण नगांची बेरीज करतो, येथे एकाच नगासाठीच्या तयारीची बेरीज करायची असते. आलेखात मागणीवक्रांची उभी बेरीज का करतात, याचे उत्तर एवढेच आहे. गोची अशी की प्रत्यक्ष वर्गणी मागायला गेल्यावर प्रत्येक घर स्वतःचा आकडा कमी सांगते, कारण दिवा लागला तर उजेड आपल्याही दारात पडणारच असतो.

पाठ्यपुस्तकांत या ठिकाणी दीपगृहाचे उदाहरण असते. समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलांना ते परके वाटते, शिवाय रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की इंग्लंडमध्ये दीपगृहांचे शुल्क बंदरात येणाऱ्या जहाजांकडून वसूल होत असे, म्हणजे ते उदाहरण वाटते तितके निर्भेळही नाही. त्यापेक्षा आपल्याकडील फड पद्धती अभ्यासावी. पांझरा आणि तिच्या खोऱ्यातील नद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांखाली काही शतके चाललेली ही सिंचनव्यवस्था आहे. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे भाग, पाडलेले असतात, एका फडात त्या हंगामात एकच पीक घेतले जाते आणि पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः न करता सर्वांनी नेमलेला पाटकरी करतो. पिकाच्या राखणीला जागल्या असतो. पण हे पाणी सार्वजनिक वस्तू आहे का? नाही, कारण वरच्या शेताने जास्त घेतले की खालच्याला कमी पडते. ही सामाईक साधनसंपत्ती आहे, म्हणजे वगळणे अवघड पण वापराने घटणारी, आणि या दोहोंतला फरक जो विद्यार्थी फडाच्या आधारे लिहितो त्याची उत्तरपत्रिका मी वेगळी काढून ठेवतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी मिळाले त्यात स्पेन आणि नेपाळमधील अशाच सिंचनव्यवस्थांचा अभ्यास आहे. त्यांची मांडणी समजून घ्यायला आपल्या विद्यार्थ्याला साक्री तालुक्याच्या पलीकडे जावे लागत नाही.

आता जाहिरातीकडे वळतो. यासाठी मी दोन बियाणी शेजारी ठेवतो. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेला भुईमुगाचा जेएल २४, म्हणजेच ‘फुले प्रगती’, हा वाण महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेरही गेला. भुईमूग स्वपरागित पीक असल्यामुळे शेतकरी घरचेच बी पुढच्या वर्षी वापरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो आणि वाणाचे गुण टिकून राहतात. एकदा वाण शेतात गेला की त्यातील ज्ञानापासून कोणालाही वगळता येत नाही. या वाणाची जाहिरात रंगवलेली भिंत मी पाहिलेली नाही आणि ती कोणी रंगवेल असे वाटतही नाही. दुसरीकडे कापसाचे संकरित बियाणे दर वर्षी नवे विकत घ्यावे लागते, कारण संकराचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत. येथे वगळण्याचे काम कायद्याआधी निसर्गच करतो. आणि हा फरक सरकारी व खासगी असा नाही, हेही लक्षात घ्यावे. कापसाचा पहिला व्यापारी संकरित वाण, संकर-४, सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रातूनच १९७० मध्ये आला होता. फरक आहे तो अडवता येण्याचा.

मे महिन्यात बागायती कापसाच्या लागवडीच्या सुमारास धरणगाव, एरंडोल, शिरपूर या भागांतून फिरले तर भिंती, फ्लेक्स, भोंगा लावलेल्या गाड्या, कृषी केंद्राच्या दारातील फलक आणि पीक पाहणीचे कार्यक्रम यांतून वाणांची नावेच नावे समोर येतात. एवढी जाहिरात कापसाच्याच बियाण्याची का, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे बीजी-२ हे तंत्रज्ञान २००६ मध्ये आले आणि बहुतेक कंपन्यांच्या पाकिटात तेच तंत्रज्ञान आहे. त्यात केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या आदेशानुसार पाकिटाची कमाल किंमत ठरवून दिली जाते. विक्रेते पुष्कळ, वस्तू बरीचशी सारखी आणि किमतीला छत, अशा बाजारात स्पर्धा किमतीवरून निघून नावावर येते. एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेली मक्तेदारीयुक्त स्पर्धा हीच, फक्त त्यांच्या विवेचनात किंमतछत नव्हते. आल्फ्रेड मार्शल यांनी माहिती देणारी जाहिरात आणि केवळ प्रतिस्पर्ध्याचे गिऱ्हाईक ओढणारी जाहिरात असा भेद केला होता, तो येथे लावून पाहावा. ‘पाकिटावरील संकर कोणत्या जमिनीसाठी, किती दिवसांचा’ हे सांगणारा फलक पहिल्या प्रकारात बसतो. नुसते नाव आणि मोठाले बोंड दाखवणारी भिंत दुसऱ्या प्रकारात जाते. अर्थात फिलिप नेल्सन यांचे १९७४ चे उत्तर असे की नुसत्या नावाची महागडी जाहिरातही काही सांगत असते, कारण पुन्हा गिऱ्हाईक येणार नसेल तर विक्रेता एवढा खर्च करणार नाही. माझ्या मते कापसाच्या बाबतीत हे म्हणणे अर्धेच लागू पडते. पाऊस, जमीन आणि बोंडअळी यांच्या गर्दीत बियाण्याचा दोष किती हे शेतकऱ्याला एका हंगामात वेगळे काढता येत नाही, आणि ते कळेपर्यंत बाजारात नवे नाव आलेले असते.

जळगावच्या सराफ बाजाराचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. सोन्याची शुद्धता घेऊनही डोळ्यांना कळत नाही, म्हणून ग्राहक पेढीच्या नावावर विसंबतो आणि पेढ्या नावावर खर्च करतात. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा ओळखक्रमांक आवश्यक ठरला. मोजमापाचे असे प्रमाण ही स्वतःच सार्वजनिक वस्तू आहे. ते एकदा उभे राहिले की लहान सराफालाही त्याचा तितकाच आधार मिळतो आणि शुद्धतेची हमी देणाऱ्या जाहिरातीची किंमत उतरते. मग जाहिराती घडणावळीच्या सवलतीकडे वळतात, हे वर्तमानपत्रांची जुनी-नवी पाने शेजारी ठेवून तपासण्यासारखे आहे.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त वाद होतो तो केळीवरून. रावेर-यावलचा शेतकरी टिश्यूकल्चरच्या रोपांवर, ठिबकवर, खतांवर खर्च करतो, पण ‘केळी खा’ असे सांगायला एक रुपयाही खर्च करत नाही. विद्यार्थी चटकन म्हणतात की त्याच्याकडे पैसा नाही. ते कारण पुरत नाही, कारण मोठ्या बागायतदाराकडे पैसा असतो. खरे कारण असे की त्याच्या जाहिरातीने दिल्लीत केळीची मागणी वाढली तर भाव शेजारच्या शेतालाही मिळेल, बऱ्हाणपूरलाही मिळेल आणि आंध्र प्रदेशालाही मिळेल. एखाद्या पिकाची सरसकट जाहिरात ही त्या पिकाच्या सर्व उत्पादकांसाठी सार्वजनिक वस्तू असते आणि म्हणून ती कोणीच करत नाही. पाठ्यपुस्तकातील दोन प्रकरणे येथे एकमेकांत मिसळतात.

यावर हुशार विद्यार्थी अंड्यांचा दाखला देतात, आणि तो द्यायलाच हवा. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने कोणत्याही एका फार्मचे नाव न घेता ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ हे देशभर पोहोचवले, आणि तेही उत्पादकांच्या वर्गणीतून. मग अंड्यांना जमले ते केळीला का जमू नये? मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले की लहान गटाला सामूहिक काम जमते, मोठ्या विखुरलेल्या गटाला जमत नाही. व्यापारी कुक्कुटपालन तुलनेने थोड्या आणि मोठ्या उत्पादकांच्या हाती आहे, तर केळीचे उत्पादक मृगबाग व कांदेबाग हे लागवडीचे हंगाम, लहान-मोठे क्षेत्र आणि वेगवेगळी राज्ये यांत विखुरलेले आहेत, हे मला त्यातल्या त्यात पटणारे उत्तर वाटते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन हा या अडचणीवरचा एक उपाय आहे, कारण नाव ठरावीक भागापुरते राखले की लाभही निदान त्या भागापुरता अडवता येतो आणि वस्तू जेम्स बुकॅनन यांच्या १९६५ च्या विवेचनातील मंडळ-वस्तूसारखी, म्हणजे फक्त सदस्यांनाच लाभ देणाऱ्या वस्तूसारखी होते. पण हातगाडीवर सुटी विकली जाणारी केळी कुठली हे गिऱ्हाइकाला दिसतच नाही, त्यामुळे मानांकनाचा पुरा उपयोग अजून खोक्यात भरून जाणाऱ्या मालापुरताच आहे, असे माझे निरीक्षण आहे.

जाहिरात सार्वजनिक वस्तूचा खर्चही उचलते. रेडिओचे प्रक्षेपण एकाने ऐकले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती घेतल्या जाऊ लागल्या आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. श्रोत्याकडून वसुली अवघड, म्हणून ऐकणाऱ्याचे लक्षच जाहिरातदाराला विकायचे, असा हा व्यवहार आहे. सरकार स्वतः जाहिरातदार होते तो प्रकार वेगळा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेत जाहिरात ज्या गोष्टीची होती तिचा लाभ लस न घेतलेल्यालाही मिळणार होता, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. सार्वजनिक लाभासाठी जाहिरात लागते तेव्हा ती कराच्या पैशातून करावी लागते, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ मध्ये तक्रार केली होती की खासगी वस्तूंच्या मागे जाहिरातीचे बळ असते, सार्वजनिक सेवांच्या मागे नसते आणि म्हणून समाज पहिल्यांत श्रीमंत व दुसऱ्यांत दरिद्री होतो. खान्देशातील बऱ्याच शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि त्याच गल्लीत थंड पाण्याच्या जारची जाहिरात विजेच्या खांबावर लटकलेली असते. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांना मी हा विषय सुचवतो. जारवर महिन्याला होणारा खर्च घरोघर विचारावा, पाणीपट्टीशी त्याची तुलना करावी आणि पाणीपट्टी वाढवायला किती घरे राजी आहेत हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नेहमी खरे मिळेल असे समजू नये. चौकातील दिव्याच्या वेळी जे घडते तेच येथेही घडते. प्रश्नावली मराठीत छापावी, विचारताना मात्र अहिराणीत विचारावे, कारण खर्चाचे खरे आकडे लोक घरच्या भाषेत मोकळेपणाने सांगतात.

आकडेवारीसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आधी पाहावे. ग्रामपंचायतीचा अभ्यास असेल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील ठेवलेली होती, हे ध्यानात घेऊन खर्चाचे तक्ते मागावेत. पुढे सेट-नेट द्यायची असेल तर सॅम्युएल्सन, कोस, ओल्सन आणि नेल्सन यांचे मूळ लेखन इंग्रजीतून वाचल्यावाचून चालत नाही. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा द्यायची असेल तर उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्यांनी पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या सत्रापासून दर आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत लिहून तपासून घ्यावे. बियाणे किंवा ठिबक कंपन्यांच्या क्षेत्रीय विपणनातही अर्थशास्त्राचे पदवीधर घेतले जातात. तेथील मुलाखतीला जाण्याआधी आपल्या तालुक्यातील चार कृषी केंद्रांत बसून, कोणते वाण जाहिरातीवर विकले जाते आणि कोणते शेजाऱ्याच्या सांगण्यावर, एवढी नोंद करून न्यावी.