गोल कोपरे फोटोत कापू नका
वेबसाइटवरच्या फोटोला गोल कोपरे हवे असले की बरेच जण फोटोशॉपमध्ये ते कापून जेपेग सेव्ह करतात. जेपेगमध्ये पारदर्शकता नसतेच. कापलेल्या जागी बहुधा पांढरा रंग भरला जातो आणि पानाची पार्श्वभूमी गडद केली की चारही कोपऱ्यांत पांढरे तुकडे डोळ्यांत खुपतात. फोटो चौकोनीच ठेवा, गोलाई सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) द्या: बॉर्डर-रेडियस, १२ पिक्सेल. कडा ब्राउझर स्वतः मऊ करतो, झूम केलं तरी त्या दातेरी होत नाहीत.

पूर्ण वर्तुळ हवं तर ५० टक्के, पण आधी लांबी-रुंदी सारखी करा.

एक बारकावा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. फोटो कार्डाच्या, म्हणजे पानावरच्या चौकटीच्या, आत असेल तर दोघांना एकच गोलाई देऊ नका. कार्डाची २० आणि मधली मोकळी जागा ८ पिक्सेल असेल, तर फोटोला १२ द्या. तेव्हाच दोन्ही वक्ररेषा समांतर धावतात. सारखी ठेवली तर कोपऱ्यात ती जागा फुगल्यासारखी दिसते.

फाइलच गोल कोपऱ्यांची लागणार असेल तर पीएनजी किंवा वेबपी वापरा. जिफ नको, त्यात पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब, म्हणून कड करवतीसारखी येते.