तांबं-सोन्याच्या शोधात या चुका टाळा

तांबं आणि सोनं शोधताना आकडा चुकतो तो बहुतेक वेळा लॅबमध्ये नाही. तो त्याआधीच, शिवारात नमुन्याची पिशवी बांधताना चुकलेला असतो, आणि मग कितीही महागडं यंत्र वापरलं तरी तो दुरुस्त होत नाही. भूशास्त्र शिकून फील्डवर निघालेल्या मुलामुलींना हे कोणीतरी आधीच सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे. विदर्भात तर हा विषय घराजवळचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना भागात ग्रॅनाइटी खडकांमधल्या क्वार्ट्झ-क्लोराइटच्या शिरांत तांबं आहे. भंडारा-नागपूरकडच्या साकोली पट्ट्यात सोन्याच्या नोंदी आहेत. आणि गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथलं खनिज सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचं.

पिवळं आणि हिरवं

पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज), चाल्कोपायराइट (तांबं, लोखंड आणि गंधकाचं खनिज) आणि सोनं, तिन्ही पिवळे. हँड लेन्सखाली नुसतं बघत बसू नका, पोलादी सुई लावा. सोनं दबतं, त्याचा भुगा होत नाही. चाल्कोपायराइटचा भुगा होतो. पायराइट इतका कठीण की सुई त्याच्यावरून घसरते. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासलं तर चाल्कोपायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीच. नाल्याच्या वाळूतला कुजलेला अभ्रकही सोन्यासारखा चमकतो, पण सावलीत धरला की त्याची चमक जाते.

हिरवा डाग दिसला की वहीत ‘मॅलाकाइट’ (तांब्याचं हिरवं कार्बोनेट) लिहून मोकळं होऊ नका. क्लोराइट आणि एपिडोट ही तांब्याची नसलेली खनिजंही हिरवीच असतात. विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. मॅलाकाइट फसफसतो, बाकीचे दोघे नाही. मात्र भेगेत कॅल्साइट असेल तर तोही फसफसेल, तेव्हा फेस नेमका कशातून येतोय ते लेन्सने पाहा.

वरचा खडक पूर्ण खरं सांगत नाही

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते. सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजं पाऊस आणि हवेच्या संपर्कात कुजतात, पायराइटपासून आम्लधर्मी पाणी तयार होतं, आणि त्या पाण्यात विरघळून तांबं खाली जातं. भूजलाच्या पातळीजवळ ते चाल्कोसाइट या तांब्याच्या सल्फाइडच्या रूपात पुन्हा साचतं. वर उरतो तांबूस-तपकिरी, भोकाभोकांचा लिमोनाइटी (गंजासारख्या लोहखनिजाचा) खडक, ज्याला गॉसन म्हणतात. त्यात तांबं जेमतेम सापडतं म्हणून लोक जागा सोडून देतात. सोनं सहसा तसं वाहून जात नाही, ते गॉसनमध्येच मागे राहतं आणि खालच्या ताज्या खडकापेक्षा वर जास्त भरतं. म्हणजे एकाच दगडात तांब्याचा आकडा खालच्यापेक्षा कमी आणि सोन्याचा जास्त येऊ शकतो.

उलटंही घडतं. मॅलाकाइट पातळ पापुद्र्यासारखा भेगांवर पसरतो, आणि मूळ शिरेपासून बराच लांब. हातोड्याने निघालेला तो हिरवागार तुकडा लॅबला गेला की आकडा झकास येतो आणि अहवालात ‘सरासरी’ म्हणून बसतो. वेचलेला नमुना इथे तांबं आहे एवढंच सांगतो. किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी शिरेला आडवी चर खणा, दोन्ही बाजूंचा कोरा खडक धरून सारख्या रुंदीची खाच छिन्नीने काढा, आणि दर मीटरची वेगळी पिशवी भरा.

मातीतलं तांबं कोणाचं?

दख्खनच्या बसाल्टमध्ये मुळातच शंभर-दोनशे पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) तांबं असतं, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट कमी. त्यामुळे काळ्या मातीत 150 पीपीएम आले तर त्यात विशेष काही नाही, ग्रॅनाइटवरच्या मातीत मात्र तिथे थांबायलाच हवं. ‘नेहमीपेक्षा जास्त’ ठरवणारी एकच मर्यादा पूर्ण नकाशाला लावली की बसाल्टचा भाग लाल होतो आणि खरी जागा फिकी पडते. खडकानुसार वेगळी मर्यादा काढा.

दुसरी गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते. संत्र्याच्या बागेत खोडांना बोर्डो पेस्ट लावतात. ती मोरचूद आणि चुन्याची, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. वर्षानुवर्षं ती मातीत उतरते. बागेतला किंवा बागेखालच्या नाल्यातला नमुना घेतला तर तसं नोंदवा. शेतमालकाला विचारलं तर तो नीट सांगतो.

सोन्याचा एक कण

टनाला 1 ग्रॅम सोनं असलेल्या खडकाची 30 ग्रॅम पूड भट्टीत गेली, तर तिच्यात सोनं असतं 30 मायक्रोग्रॅम. तेवढं सोनं साधारण 0.12 मिलिमीटर बाजूच्या एका घनाकृती कणात मावतं. तो कण चमच्यात आला तर आकडा, नाही आला तर शून्य! म्हणून जाड सोनं असलेल्या जागी नमुना मोठा घ्या, पूड चाळून चाळणीवरचा भाग वेगळा तपासायला सांगा, आणि ठरावीक अंतराने दुबार नमुने, प्रमाणित (आकडा आधीच माहीत असलेले) नमुने आणि कोरे (सोनं नसलेले) नमुने ओळख न देता मध्ये घाला. कोऱ्या नमुन्यात सोनं निघालं तर आधीच्या नमुन्याची घाण पुढे आली आहे, ती सगळी बॅच पुन्हा तपासून घ्या.

हातातली अंगठी काढून ठेवा. सोनं मऊ असतं, खडकावर घासलं जातं. ड्रिलिंगच्या रॉडच्या आट्यांना लावायच्या काही ग्रीसमध्ये तांब्याची पूड असते. डब्यावरचं लेबल वाचा.

ड्रिलिंग

भूभौतिकीय आयपी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून खडकाचा प्रतिसाद मोजणं) नेमकं तांबं शोधत नाही, तो पायराइटलाही उठतो आणि ग्रॅफाइटलाही. नकाशावर गडद पट्टा दिसला की लगेच मशीन लावू नका, आधी त्यावर ग्रॅफाइटी फिलाइट (ग्रॅफाइट असलेला पापुद्र्यांचा खडक) आहे का ते पायी फिरून बघा.

कोअरमध्ये, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या कांडीत, 12 मीटर खनिज आलं म्हणजे शीर 12 मीटर जाड असेलच असं नाही. शीर आणि कोअरच्या अक्षामधला कोन 30 अंश असेल तर खरी जाडी निम्मी, 6 मीटर. शिरेच्या उताराच्याच दिशेने भोक मारलं तर हा आकडा हवा तेवढा फुगवता येतो, म्हणून असे अहवाल मी कोन लिहिलेला नसेल तर वाचतच नाही. सरासरीचंही तसंच. एक-एक मीटरचे 20 नमुने, त्यातले 19 टनाला 0.2 ग्रॅमचे आणि एक 40 ग्रॅमचा, तर सरासरी 2.19 येते. तो एक नमुना वेगळा दाखवा, कमाल मर्यादा लावून पुन्हा हिशोब करा.

कोअर उभा कापून अर्धा पेटीत ठेवा, आणि नेहमी एकाच बाजूचा अर्धा लॅबला पाठवा. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये ब्रे-एक्स कंपनीने कोअर अर्धा न ठेवता जवळपास पूर्णच दळायला पाठवला. त्या पुडीत बाहेरून सोनं मिसळलं गेलं, आणि ताडून पाहायला मागे काही उरलं नव्हतं. 1997 मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच भोकं मारली तेव्हा हे उघडं पडलं.

अहवालात टप्पा लिहायला विसरू नका. शोधाचे टप्पे जी4 ते जी1 असे असतात: जी4 म्हणजे अगदी सुरुवातीची टेहळणी, जी1 म्हणजे सविस्तर शोध. जी4 च्या कामावर ‘साठा’ हा शब्द लिहू नका. गावात तो दुसऱ्या दिवशी पोहोचतो आणि जमिनीचे व्यवहार सुरू होतात.