हलकी रहस्यकथा पारखायची कशी?

परभणीत उन्हाळ्याच्या दुपारी दार लावून मी अशाच कादंबऱ्या वाचते: गाव छोटं, खून एक, रक्तपात पडद्याआड.

हाताशी वही घ्या. खटकलेली प्रत्येक गोष्ट पान क्रमांकासह टिपा. उलगडा झाला की मागं जाऊन पडताळा. पुरावा आधी समोर ठेवलाच नसेल, तर लेखकानं वाचकाला फसवलं. मला हे मुळीच खपत नाही.

संवाद मोठ्यानं वाचा. कारकून अन् मालकीण एकसारखेच बोलत असतील तर लेखन कच्चं. अशा कथांत येणारी केकची वर्णनं लांबली तर खुशाल पानं उलटा.

सुरुवात अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून करा. १९३० च्या पहिल्या कादंबरीपासून ही म्हातारी गावातल्या माणसांच्या स्वभावावरूनच गुन्हेगार ताडते. आमच्या गल्लीतल्या आज्यांची नजर अगदी अशीच.