अप्रेंटिस म्हणून रुजू होण्याआधीची तयारी

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा ऑटोनगरात अप्रेंटिस म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींना घरचे आणि शेजारचे एकच सल्ला देतात: घाबरू नकोस, बिनधास्त राहा. सल्ला मायेचा असला तरी पहिल्या दिवशी लेथसमोर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रासमोर) उभे राहिल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे वाटणारी भीती बहुधा स्वभावातली नसते. ड्रॉइंग नीट वाचता येत नाही, घेतलेले माप बरोबर आहे की नाही याची खात्री नाही, सुपरवायझर कन्नडमध्ये काय सांगून गेला ते कळले नाही, अशा अगदी ठरावीक गोष्टींची ती भीती असते. यातल्या बऱ्याच गोष्टी रुजू होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत मार्गी लावता येतात. ही यादी मशीन शॉप आणि फाउंड्री (धातू वितळवून ओतण्याचा कारखाना) डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. इतर ठिकाणी जाणाऱ्यांनी तिच्यातले आपल्यापुरते घ्यावे.

प्रथम कागदपत्रे आटोपावीत. आधार कार्ड, दहावीचे आणि आयटीआयचे गुणपत्रक, आधारशी जोडलेले बँक खाते आणि अप्रेंटिसशिप पोर्टलवरील नोंदणी हे सगळे हाताशी हवे. मराठी घरांतील मुलांची अडचण बहुतेकदा नावाची असते: गुणपत्रकावर आडनाव नसते किंवा वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते, आणि आधारवर मात्र नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सगळे असते. ही तफावत आधीच दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर रुजू झाल्यावर विद्यावेतन अडकते आणि दर आठवड्याला ऑफिसात जाऊन विचारण्याची पाळी येते. नव्या मुलाचे अवसान असल्या हेलपाट्यांत जितके गळते तितके मशीनपुढे गळत नाही.

करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार हा करार नोंदवावा लागतो आणि उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर त्यावर पालकाची सही लागते. ट्रेड, म्हणजे शिकायचा व्यवसाय, कोणता लिहिला आहे, मुदत किती आहे आणि विद्यावेतन किती आहे, या तीन गोष्टी बोट ठेवून पाहाव्यात. २०१९ च्या दुरुस्त नियमांत दहावी उत्तीर्णाला दरमहा किमान ६,००० रुपये, आयटीआय उत्तीर्णाला ७,००० रुपये आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये असे आकडे ठरले होते. सहीच्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहून घ्यावा. कायद्याच्या दृष्टीने अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो आणि मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर सरसकट नसते, ही गोष्ट घरीही आधीच सांगून ठेवावी. पहिल्याच महिन्यात प्रत्येक पाहुणा ‘पर्मनंट करणार काय?’ असे विचारू लागला की शिकण्यावरचे लक्ष उडते.

खरा वेळ द्यावा तो मापनाला. आयटीआयमध्ये व्हर्नियर (सरकत्या पट्टीचे मापयंत्र) सगळ्यांनी हाताळलेला असतो, परंतु कोणी पाठीशी उभे असताना तो पटकन आणि अचूक वाचणे ही निराळी गोष्ट आहे. ०.०२ मिमी अल्पतम मापाच्या, म्हणजे त्याहून लहान माप न दाखवणाऱ्या, व्हर्नियरवर मुख्य पट्टी २४ मिमी दाखवत असेल आणि सरकत्या पट्टीची १७ वी रेघ जुळत असेल, तर माप २४.३४ मिमी होते. हे गणित कागदाविना मनात झाले पाहिजे. घरातल्या वस्तू, म्हणजे पेन, सायकलचा एक्सल, नळाचा तुकडा, यांची मापे रोज घेत राहावीत आणि एकच माप तीनदा घेऊन तिन्ही वेळा सारखे येते का ते पाहावे. वाचण्याआधी जबडे मिटून शून्य जुळते का ते तपासण्याची सवय लावावी. मिटलेला व्हर्नियर अधिक ०.०४ दाखवत असेल तर तेवढे प्रत्येक मापातून वजा करावे लागते. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, गरम असतो हेही ध्यानात ठेवावे. १०० मिमी व्यासाचा पोलादी जॉब नेहमीच्या तापमानापेक्षा ४० अंशांनी तापलेला असेल, तर तो सुमारे ०.०४६ मिमी फुगलेला असतो आणि थंड झाल्यावर तेवढाच आकसतो. ड्रॉइंगवर २५ ±०.०५ असे लिहिले असेल तर २४.९५ पासून २५.०५ पर्यंतचा जॉब पास आहे, हे ज्याला चटकन सांगता येते त्याच्याशी ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात बरोबरीच्या नात्याने बोलू लागतो. माझ्या मते संपूर्ण यादीतून एकच गोष्ट करायला सवड असेल तर ही करावी.

दुसरी मोठी गोष्ट कन्नडची. मराठी माध्यमात शिकलेल्यांना शाळेत कन्नड हा विषय असतो, गुणही बरे पडतात, पण मशीनच्या आवाजात अर्धवट ऐकू आलेले वाक्य समजणे त्याने साधत नाही. सीमाभागात मराठी आणि कन्नड यांचे जे काही राजकारण आहे ते शॉप फ्लोअरच्या दाराबाहेर ठेवावे. तिथे सूचना न कळणे हा थेट हाताबोटांचा प्रश्न असतो. ‘निल्लु’ म्हणजे थांब, ‘बेड’ म्हणजे नको, ‘हिडी’ म्हणजे धर, ‘बिडु’ म्हणजे सोड, असे रोजचे शब्द विचार न करता कळले पाहिजेत. एखादा कन्नडभाषक मित्र असेल तर त्याच्याशी आठवडाभर फक्त कन्नडमध्ये बोलून पाहावे. चुका होतील, तो हसेल, आणि ते हसणे आधीच पचलेले बरे. बोलता आले नाही तरी सूचना मिळाल्यावर ती आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावी: ‘अण्णा, आधी फेसिंग, मग वीस मिमीचे ड्रिल, बरोबर ना?’ (फेसिंग म्हणजे जॉबचे टोक सपाट करणे.) अण्णा असो की मामा, जुन्या कारागिराला असे विचारणाऱ्याचा राग येत नाही. जॉब कापून झाल्यावर विचारायला येणाऱ्याचा येतो. एका पीसवरून दुसऱ्या पीसवर जाण्याआधी विचारलेला प्रश्न स्वस्त पडतो, पंचवीस पीस वाया गेल्यावरचा महाग. चूक झालीच तर पीस बाजूला काढून लगेच सांगावे. तो चांगल्या मालात मिसळून पुढच्या ऑपरेशनला गेला की चूक झाकण्याचाही ठपका येतो.

कपड्यांबाबत थोडक्यात. फिरत्या मशीनवर हातमोजे घालू नयेत. अंगठी, कडे, मनगटावरचा दोरा आणि गळ्यातली साखळी घरीच ठेवावी, मुलींनी वेणी टोपीखाली बांधावी. फाउंड्रीत जाणाऱ्यांनी सुती कपडे घ्यावेत, कारण सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. फाउंड्रीत ओले हत्यार किंवा ओला पळा (धातू ओतायची मोठी पळी) वितळलेल्या लोखंडात बुडवायचा नाही, ही सूचना पहिल्या दिवशीच मिळते, पण तिचे कारण माहीत असावे: पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो.

खानापूरकडून येणाऱ्यांनी पहिल्या शिफ्टच्या वेळेला एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बस देसूर, मच्छे, पिरनवाडी करत उद्यमबागेत येते आणि जुलैच्या पावसात हा प्रवास नेहमीच्या हिशेबात बसत नाही. कर्नाटकात राहणाऱ्या मुलींना २०२३ पासून राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे. पत्ता कर्नाटकातला असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. चंदगडकडून येणाऱ्या मुलींचा पत्ता महाराष्ट्रातला असल्याने त्यांनी भाड्याचा हिशेब वेगळा धरावा.

या भागात काही मुले सैन्यभरतीची तयारी करता करता वयोमर्यादा ओलांडून अप्रेंटिसशिपकडे वळतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरातच असल्यामुळे हे गावोगाव दिसते. अशा मुलांना आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या ऑपरेटरकडून शिकायला जड जाते. त्यांनी वयाचा हिशेब मनातून काढून टाकावा, कारण लेथला तो कळत नाही. उलट पहाटे उठण्याची आणि शिस्तीची त्यांची सवय पहिल्या शिफ्टला इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

शेवटी एक जाडसर वही घ्यावी. रोज कोणत्या मशीनवर काम केले, कोणते ऑपरेशन केले, कोणते माप चुकले आणि कोणी काय सांगितले, हे त्याच संध्याकाळी तारखेसह लिहावे. मुदतीनंतर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. तिच्या अभ्यासाला बाजारातल्या गाइडपेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते. पुढे दुसऱ्या कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर ‘काय काय केले आहेस?’ या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातून काढता येते.